म्युनिकची जत्रा आणि सरकारांचा डोळा

परत आल्यापासून देवासात मला जो भेटतो तो आधी बोटीचे विचारतो, मग थंडीचे विचारतो, आणि मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून, मनातले विचारतो. परवा चौकातला पानवाला म्हणाला, "क्यों भिया, सुना है वहाँ दारू का मेला लगता है? राजा खुद आता है?" मी म्हटले, दारूचा नव्हे, बिअरचा; राजा येतो हे मात्र खरे. त्याला सांगायला बसलो तो दुकानासमोर माणसे जमली, आणि त्यात वाचनालयाची मंडळीही होती. ती म्हणाली, रघुनाथ, हे लिहूनच काढ. माझी शाळा मराठी तिसरीत सुटली. लिहायचे म्हटले की अजून हाताला घाम येतो. तेव्हा जे चुकेल ते वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आधी आम्ही तिकडे कशाला गेलो ते सांगतो. आमचे जहागिरदार बापूसाहेब, म्हणजे ज्यांना आम्ही सगळे सरकार म्हणतो, त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. इंदूरच्या गोऱ्या डॉक्टरने सांगितले की वय झाले आहे, डोळे नाजूक आहेत, हे काम म्युनिकच्या अमुक डॉक्टरकडूनच करवावे. सरकारांचा जुना खिदमतगार समुद्र ओलांडायला तयार होईना. त्याच्या मुलींची लग्ने व्हायची होती. जातीने वाळीत टाकले तर काय, ही त्याची भीती खोटी नव्हती. मग सरकारांनी मला बोलावले. मी त्यांच्या फरासखान्यातला, म्हणजे तंबू, कनाती, शामियाने आणि सतरंज्या सांभाळणाऱ्यांतला. माझे वडील तिथेच होते. ते गेले तेव्हा मी शाळेत होतो, आणि दुसऱ्याच दिवशी सरकारांनी मला बोलावून घेऊन म्हटले होते की याची पानावरची जागा आजपासून वाड्यात. तेव्हापासून मी त्यांचेच अन्न खातो आहे. मला वाळीत टाकून कोणी काय घेणार? मी हो म्हटले.

निघताना सरकारांच्या पत्नीने, आमच्या आईसाहेबांनी, मला पडद्याआडून हाक मारली. म्हणाल्या, "रघू, परक्या मुलखात त्यांना दिसणार नाही. त्यांचा हात सोडू नकोस, एवढेच." मी मान हलवली. त्यांना पडद्यातून दिसली की नाही कोण जाणे, म्हणून तोंडानेही म्हटले, नाही सोडणार.

म्युनिक

बोटीत मला काय काय झाले ते लिहिण्यासारखे नाही. आगगाडीने पुढे गेलो तेव्हा दोन्ही बाजूंना हिरवी कुरणे, त्यांत लठ्ठ गाई, गाईंच्या गळ्यांत आपल्या देवळातल्या घंटेएवढ्या घंटा. सरकार विचारायचे, काय दिसते रे? मी सांगायचो. सगळा प्रवास असाच झाला: मी पाहायचे आणि सांगायचे, त्यांनी ऐकायचे आणि चुका काढायच्या. "लठ्ठ म्हणजे किती? आपल्या कपिलेएवढी?" मी म्हणायचो, कपिला हिच्या पोटाखालून जाईल. ते म्हणायचे, थापा मारू नकोस.

आम्ही उतरलो ते हुबरबाई नावाच्या विधवेच्या घरी. बाई पूर्वी कुठल्या मोठ्या हॉटेलात कामाला होत्या, त्यामुळे त्यांना तोडकेमोडके इंग्रजी येई, आणि सरकारांना चांगले. मला दोन्हीही नाही. बाईंनी मला पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराचा एक कोपरा धुऊन मोकळा करून दिला, आणि मी तिथे वरणभात करू लागलो की दाराशी उभ्या राहून नाक वर करून वास घेत. हिंगाचा डबा एकदा उघडला तेव्हा मात्र त्यांनी गॅस फुटला म्हणून सगळ्या खिडक्या उघडल्या.

बाईंकडून आम्हाला कळले की हा मुलूख बव्हेरियाचा, त्याचे राज्य वेगळे, आणि सगळ्या जर्मनीचा कैसर तो वेगळा. एकाच गावात निळ्यापांढऱ्या निशाणांचे एक राज्य आणि दुसऱ्या निशाणांचे दुसरे. बाईंना वाटले हे आम्हाला समजावून सांगायला वेळ लागेल. सरकार हसले आणि म्हणाले, बाई, आमच्या गावात एका रस्त्याची डावी बाजू एका राजाची आणि उजवी दुसऱ्याची. बाईंनी ते खरे मानले नाही.

शस्त्रक्रिया झाली एका डोळ्याची. त्यानंतर कितीतरी दिवस सरकार अंधाऱ्या खोलीत उताणे पडून. हलायचे नाही, खोकायचे नाही, हसायचे नाही. मी बाजूला बसून देवासच्या गोष्टी सांगत असे, आणि त्या हसू येणार नाही अशा निवडून सांगाव्या लागत. देवासात तशा गोष्टी फार थोड्या. पुढे डॉक्टरांनी बसायची, मग चालायची परवानगी दिली. दुसरा डोळा अजून तसाच होता. त्याने सरकारांना उजेड, सावली आणि मोठे मोठे आकार एवढेच कळे. शस्त्रक्रियेच्या डोळ्यावर जाड पट्टी. डॉक्टरांनी निक्षून सांगितले की कोरड्या हवेत जरा फिरले तर चालेल, पण जखम कच्ची आहे. पट्टी भिजली किंवा डोक्याला धक्का बसला तर डोळा गेला समजा, आणि मग दुसऱ्याला हात लावायला मी धजणार नाही. हुबरबाईंनी ते सरकारांना इंग्रजीत सांगितले आणि सरकारांनी मला मराठीत. सांगून झाल्यावर मला म्हणाले, "तू एवढा का घाबरलास? डोळा माझा आहे."

याच दिवसांत गावात जत्रा भरली. खिडकीखालून सकाळपासून बँडचे आवाज, घोडेगाड्यांचे आवाज. गाड्यांवर पिंपे रचलेली, घोड्यांच्या माना फुलांनी मढवलेल्या. बाईंनी सांगितले की वर्षातून एकदा सगळा मुलूख मैदानावर जमतो आणि बिअर पितो. आणखी काय करतो, असे सरकारांनी विचारले. बाई विचार करून म्हणाल्या, आणखी पितो.

मग सरकारांना खोलीत राहवेना. त्यात आणखी एक कारण होते. आपल्याकडे घट बसायला थोडेच दिवस राहिले होते. घट बसले की सरकार नऊ दिवस थेंबाला शिवत नाहीत. ते इकडे असोत की विलायतेत असोत. म्हणजे आता नाही तर नाहीच. मी म्हटले, सरकार, ढग आले आहेत. ते म्हणाले, मला दिसत नाहीत.

जत्रेचा दिवस

सकाळी ऊन पडले तसे निघालो. सरकारांची लाल पगडी पाण्यात रंग सोडेल म्हणून बाईंनी ती ठेवून घेतली आणि आपल्या नवऱ्याची हिरवी टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली. टोपीला मागे दाढी करायच्या ब्रशासारखा केसांचा झुपका. छत्री माझ्या हातात. सरकारांचा हात माझ्या दुसऱ्या हातात.

मैदान दिसले तेव्हा मी बोलायचाच थांबलो. सरकारांनी दोनदा विचारले, काय दिसते? काय सांगावे? कन्नौदचा बाजार, धारची जत्रा, आणि थोरल्या-धाकट्या दोन्ही देवासांचे दसरे एकत्र आणून ओतले तरी एक कोपरा भरला नसता. फिरते पाळणे, वाघाचे खेळ, नेमबाजीची दुकाने, मोठमोठ्या लाकडी दिवाणखान्यांसारखी बिअरची घरे, त्यांवर बुरूज, बुरुजांवर निशाणे. माणसे तर बाजारच्या दिवशी धान्य ओतावे तशी. आणि वास. तो सरकारांनी माझ्या आधी ओळखला. कन्नौदला पावसाळ्यानंतर धान्याचे पेव उघडले की जो गरम, आंबूस वास येतो, तोच. सरकारांनी छाती भरून घेतला आणि म्हणाले, चल, भूक लागली.

एका ठिकाणी अख्खा बैल सळईवर भाजत होते. मी सरकारांना पटकन दुसऱ्या बाजूने वळवले. तिकडे काय आहे रे, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, काही नाही, लाकडे जळताहेत. सरकार बरेच पुढे जाईपर्यंत उपरणे नाकाला लावून चालले.

मैदानाच्या कडेला एक उंचवटा, आणि त्यावर ती उभी होती. मी सरकारांना सांगू लागलो: टेकडीवर एक बाई आहे, काळ्याशार धातूची, आपल्या राजवाड्याच्या दुप्पट उंच. एक हात वर केलेला. दुसऱ्या हातात तलवार. शेजारी सिंह.

सरकार उभे राहिले. मला म्हणाले, "परत सांग." मी परत सांगितले. त्यांनी आपला अंधुक डोळा त्या दिशेला लावला, आणि त्यांना आकार दिसला असावा. त्यांनी हात जोडले. मीही जोडले. शेजारून जाणाऱ्या पोरी हसल्या, पण आपण देवीच्या टेकडीखाली वाढलेले देवासचे. टेकडी आहे, वर बाई आहे, जवळ सिंह आहे, मग दुसरे काय करणार? पुढे हुबरबाईंनी सांगितले की ती देवी नाही, मुलखाची मूर्ती आहे, आणि लोक आतल्या जिन्याने तिच्या डोक्यात जाऊन बसतात व भोकांतून गाव बघतात. ते ऐकून सरकारांनी त्या रात्री एक माळ जास्त ओढली.

बिअरच्या घरांत शिरायला जागा नव्हती. एका घराच्या बाहेर अंगणात बाके मांडली होती आणि वर किंतानाचे छत दोरांनी ताणले होते. तिथे आम्हाला जागा मिळाली. एक वाढणारी बाई आली. तिच्या दोन्ही हातांत मिळून इतके दगडी मग की आपली पाणी भरणारी बाई हंड्यांची उतरंड घेऊन येते ती आठवावी. फरक इतकाच की हिच्या डोक्यावर काही नव्हते आणि तोंडात सारखी कुणाला तरी दिलेली धमकी होती. माणसे तिला घाबरत. तिने विचारले ते आम्हाला कळले नाही, पण तिथे विचारण्यासारखे एकच होते.

मग म्हणजे आपला मोठा तांब्याच. त्यावर साबणासारखा फेस. सरकारांनी पहिला घोट घेतला, मिशा पुसल्या आणि दुसरा घेतला. मग म्हणाले की बागेकडची सकाळची ताडी हिच्यापेक्षा गोड, मोहाची हिच्यापेक्षा तेज, पण हिच्यात एक भारदस्तपणा आहे. मला म्हणाले, घे. मी एक घोट घेतला. काढेचिराईत थंड करून दिले तर तसे लागेल. ते मी गिळले कारण सरकारांनी दिले होते.

खायला मात्र मजा होती. एक म्हातारी पांढरे मुळे विकत होती; मुळा असा कापायची की तो न तुटता झुंबरासारखा लांब होई, त्यावर मीठ. आणि कडबोळी. खरोखर कडबोळी, पण परातीएवढी, गाठ मारलेली, वरून खडेमीठ. सरकारांनी ती हाताने चाचपली, तिच्या भोकांतून बोटे घातली आणि म्हणाले, "ही आईसाहेबांना दाखवली पाहिजे." बँड वाजत होता, शेजारचे लोक बाकावर उभे राहून गात होते, एका दाढीवाल्या म्हाताऱ्याने सरकारांच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघे डुलू लागले. सरकारांना ते गाणे येत नव्हते. ते आपले आरतीच्या चालीवर डुलत होते आणि ते जमत होते. मी त्यांना इतके खूश कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. आता लिहितानाही मला तेच आधी दिसते.

मग पाऊस आला.

आपल्याकडे पाऊस येण्याआधी सांगतो. हा सांगत नाही. एकदम अंधारले, वारा सुटला, आणि वरच्या किंतानावर वाळू ओतावी तसा आवाज. आणि त्या क्षणी माझ्यातला फरास उठला. वाचकांना सांगायला हवे: तंबूचे दोर कोरडे असताना ताणून बांधलेले असतात. भिजले की ते आखडतात, आणि मग एक तर दोर तुटतो नाही तर मेख उखडते. म्हणून पहिल्या सरीला फरासाने उठून दोर ढिले करायचे. नालछ्याच्या मुक्कामात, मांडूच्या वाटेवर, भरपावसात मी लहानपणापासून हेच करत आलो. वडिलांनी मला झोपेतून लाथ मारून उठवून शिकवलेले आहे. त्यात विचार करायचा नसतो.

मी विचार केला नाही. छत्री बाकाला टेकवली, सरकारांना म्हटले, इथेच बसा, आलोच, आणि कोपऱ्यातल्या खांबाशी जाऊन दोर ढिला केला. त्या वेळी त्यांचा हात माझ्या हातातून सुटला.

आपले तंबू उतरते असतात. दोर ढिला झाला तरी पाणी घसरून जाते. हे छत जवळजवळ सपाट होते आणि ताणलेले होते म्हणूनच पाणी वाहून जात होते. मी दोर सोडला तसे किंतान मधोमध लोंबले, त्यात पाणी साठू लागले, म्हशीच्या पोटासारखे खाली खाली आले, आणि मी दोर परत ओढणार इतक्यात एक कडा फाटून सगळे पाणी एका लांब टेबलावर पडले. तिथे एका लग्नाचे वऱ्हाड बसले होते, असे मला नंतर कळले.

दोन माणसांनी माझी गचांडी धरली. आरडाओरड सुरू झाली. मी हात जोडून मराठीत, हिंदीत, सगळ्या बोलीत सांगत होतो की दोर तुटला असता. शेवटी ती वाढणारी बाई आली, तिने त्या दोघांना कोपराने बाजूला केले, दोर माझ्या हातात दिला आणि खांबाकडे बोट केले. मी दोर ताणला, आमच्या फरासखान्याची दुहेरी गाठ मारली. तिने ती हिसकून पाहिली आणि माझ्या पाठीत थाप मारली. भिजलेल्या वऱ्हाडातला नवरदेव तोवर हसायला लागला होता. त्याने आपल्या मगातले पावसाचे पाणी मला दाखवून पिऊन टाकले, आणि सगळे हसले. मीही हसलो.

मागे वळून पाहिले तर आमचे बाक रिकामे होते. छत्री होती. सरकार नव्हते.

पाऊस येताच अंगणातली सगळी माणसे आतल्या मोठ्या घरात शिरली होती, आणि त्या लोंढ्याबरोबर सरकार गेले असणार. मी आत घुसलो. आत धुराने डोळे चुरचुरत होते, बँड आणखी जोरात, आणि जिथवर नजर जाईल तिथवर डोकी. त्यांतल्या प्रत्येक तिसऱ्या डोक्यावर हिरवी टोपी, टोपीला मागे झुपका. सकाळी बाईंनी पगडी काढून ठेवली नसती तर मी सरकारांना कोसावरून ओळखले असते. मी एकाच्या पाठीमागून जाऊन हात धरला. तोंड वळले ते लालबुंद, परके. दुसरा धरला, तोही परका. एका म्हाताऱ्याने माझा हातच सोडला नाही, मला बसवून पाजायला लागला. एकेका टेबलाशी जाऊन मी एका डोळ्यावर तळवा ठेवून दाखवी, असा माणूस, पट्टीचा. लोकांना वाटे मी कसले तरी सोंग करतो आहे. तेही डोळ्यावर तळवा ठेवून हसत.

मला धक्काबुक्की दिसत होती, आणि त्यात ती कच्ची जखम. बाहेर पाऊस दिसत होता, आणि त्यात ती पट्टी. आईसाहेबांना मी काय सांगणार होतो? सरकारांचा डोळा एका दोरापायी गेला, असे? मी दाराशी येऊन उभा राहिलो. आता सरकार कुठे जातील, असे मी स्वतःला विचारले. त्यांना काय दिसते? उजेड, सावली आणि मोठे मोठे आकार.

समोर, पावसाच्या पडद्यामागे, सगळ्यांत मोठा आकार एकच होता.

आणि मग मला माझ्यावरच हसावे की रडावे कळेना. देवासच्या जत्रेत हरवलेले माणूस कुठे जाते? लहानपणी कोणत्याही घरी पोराला बाहेर नेताना पहिले काय सांगतात? हात सुटला तर रडत हिंडू नकोस, टेकडीच्या पायऱ्यांवर जाऊन बस, आम्ही तिथे येतो. सरकारांनाही त्यांच्या आईने हेच सांगितले असणार. ते जहागिरदार झाले म्हणून काय झाले.

मी पळत सुटलो. आपल्या माळव्याची काळी माती पायाला धरून ठेवते; तिथली माती खडीची, ती घसरवते. मी दोनदा पडलो.

देवीच्या पायथ्याशी, पहिल्या पायरीवर सरकार बसले होते. अनवाणी. बूट पायरीखाली शेजारी शेजारी नीट काढून ठेवलेले, त्यांत पाणी साठलेले. टोपी कुठे गेली होती देव जाणे. आणि पट्टीच्या डोळ्यावर त्यांनी आपला तो रिकामा दगडी मग पालथा, दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलेला. असेच ते सबंध मैदान चालून आले होते. डोळ्यावर मग धरलेला म्हातारा बघून लोकांना वाटले असेल की याला पुरी चढली, आणि सगळ्यांनी वाट दिली असेल. शेजारी ती मुळ्यांवाली म्हातारी आपली टोपली त्यांच्या डोक्यावर धरून उभी होती आणि त्यांना बूट घालायला सांगत होती. म्हणजे हावभावावरून तरी तसेच वाटत होते. सरकार तिला मराठीत समजावत होते की इथे घालत नाहीत.

मी त्यांच्या पायांशी बसलो आणि मला रडू आले. सरकारांनी चाचपून माझे डोके शोधले.

"रडतोस काय? मी हरवलो नव्हतो. हरवला होतास तू," ते म्हणाले. "इथवर यायला तुला एवढा वेळ?"

मी छत्री उघडली. म्हातारीने मला बरेच काही सुनावले. ते सगळे माझ्या लायकीचेच असणार, म्हणून मी तिलाही नमस्कार केला. तिने एक मुळा माझ्या हातात कोंबला आणि पावसातून निघून गेली. तिचे नावही मला ठाऊक नाही. पण देवासात परतल्यावर टेकडीवर गेलो तेव्हा तिच्या नावाने, म्हणजे नावाशिवायच, एक नारळ ठेवला.

दुसरा दिवस

घरी येईपर्यंत पट्टीची खालची कड ओली झाली होती. हुबरबाईंनी सरकारांना काही म्हटले नाही. मला मात्र बोटाने खुर्ची दाखवली, आणि मी रात्रभर त्या खुर्चीत बसून राहिलो. सरकार झोपले. त्यांना गाढ झोप लागली, याचाही मला राग आला.

सकाळी डॉक्टर आले. कड बघितली आणि त्यांचा चेहरा असा झाला की भाषा येत नाही हे बरे वाटले. त्यांनी बाईंना विचारले, बाईंनी माझ्याकडे पाहिले, आणि मग बाईंनी जे सांगितले त्यात मला "बिअर" एवढे कळले. डॉक्टरांनी पडदे ओढून घेतले, एकच फट ठेवली. पट्टी सोडायला लागले. एक वेढा, दुसरा वेढा. मी भिंतीला लागून उभा होतो. मनात देवीचे नाव घ्यायला गेलो तर कोणत्या टेकडीवरची ते समजेना, म्हणून दोघींचे घेतले.

शेवटचा कापूस निघाला. डोळा लाल होता, पाण्याने भरलेला. डॉक्टर वाकून बघत राहिले, मेणबत्ती इकडून तिकडे नेली, पापणी वर उचलली. मग त्यांनी श्वास सोडला आणि बाईंना एकच शब्द सांगितला. बाईंनी हात छातीशी नेले. खिशातून डॉक्टरांनी जाड भिंगाचा चष्मा काढला, सरकारांच्या डोळ्यापुढे धरला आणि आल्याबरोबर भिंतीवर टांगलेल्या आपल्या अक्षरांच्या तक्त्याकडे बोट केले. सर्वांत वरचे अक्षर हाताएवढे होते.

सरकारांनी तक्त्याकडे पाहिले नाही. ते माझ्याकडे बघत होते. मी अंग चोरून आणखी भिंतीला लागलो. त्यांनी हाताने जवळ बोलावले. मी गेलो. आणखी जवळ, अशी खूण केली. भिंगातून त्यांचा डोळा मला फार मोठा दिसत होता.

"रघू," ते म्हणाले, "तुला मिशी केव्हा आली रे?"

मी म्हटले, सरकार, तीन वर्षे झाली.

"मला कुणी सांगितले नाही," सरकार म्हणाले. डॉक्टर तक्त्यावर काठी आपटत होते. सरकार त्या अक्षरांकडे बघेनात, आणि मीही तिथून हललो नाही.